वाळवंटातली ऊबखोली

कतारमध्ये होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी तिथल्या उकाड्याची चौकशी करतो आणि मग विचारतो, “म्हणजे तुम्ही ती स्टेडियमं बांधलीत?” मी आर्किटेक्ट, वर्ल्ड कपच्या तयारीची बरीचशी वर्षं दोह्यात काढलेली, तेव्हा प्रश्न काही चुकीचा नाही. पण स्टेडियमच्या विटेलाही माझा हात लागलेला नाही. मी मठ बांधला. मध्ययुगीन युरोपातला, ख्रिस्ती संन्याशांचा, दगडी मठ. फुटबॉल बघायला येणाऱ्या पाहुण्यांना उतरायला. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस पुन्हा उकाड्याकडे वळतो.

आमचं ऑफिस दोह्यातल्या वेस्ट बे भागात होतं. नवरा गॅसच्या प्लँटवर, म्हणून घर अल खोरला. रोज सकाळी वाळवंटातून सरळसोट रस्त्यावर गाडी हाकत मी अकराव्या शतकात कामाला जात असे. माझं पद होतं डिझाइन कोऑर्डिनेटर. मालकाला काय हवंय, चित्रात काय काढलंय, इंजिनियरने काय धरलंय आणि साइटवर काय होतंय या चारही गोष्टी एकच आहेत, असं सगळ्यांना शेवटपर्यंत पटवत राहायचं, हे ते काम. नाशिकला एकत्र कुटुंबात वाढल्यामुळे मला ते फारसं जड गेलं नाही.

मालकांना सगळे अबू नासर म्हणत. साठीचे, शांत, कमी बोलणारे गृहस्थ. कधीतरी युरोपातल्या कुठल्याशा डोंगरात बर्फाने गाडी अडली आणि हॉटेल करून टाकलेल्या एका जुन्या मठात त्यांना दोन रात्री काढाव्या लागल्या. शेकोटीसमोर पाय पसरून ते बसून राहिले. “मला आयुष्यात इतकं शांत कधी वाटलं नव्हतं,” असं त्यांनी पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं, “ते मला इथे हवं आहे.” या इच्छेत हसण्यासारखं मला तेव्हाही काही वाटलं नाही. आम्ही तीन-चार हुशार कंपन्यांनी मिळून ती पुरी कशी केली, त्यात मात्र आहे.

शास्त्रशुद्धतेवर पहारा करायला एक इतिहासतज्ज्ञ नेमले होते, डॉक्टर फ्रान्झ. उंच, किडकिडीत, भर जुलैतही कोट घालणारे. त्यांनी आम्हाला मठ शिकवला, आणि खरं सांगते, छान शिकवला. संन्यासी मुळात वाळवंटातले. इजिप्तकडे एकेकटे गुहेत, झोपडीत राहणारे. मग झोपड्या एकमेकींजवळ आल्या, मध्ये प्रार्थनेची जागा झाली, भोवती कुंपण आलं. ही मंडळी उत्तरेला थंडीत गेली तेव्हा इमारतीने आपली घडी बसवली. मधोमध चौकोनी अंगण, त्याला चारही बाजूंनी ओवरी. एका अंगाला चर्च, समोरच्या अंगाला भोजनगृह, पूर्वेला सभा भरवायची खोली आणि तिच्यावर निजायची जागा, पश्चिमेला कोठार. पाऊस असो, बर्फ असो, डोकं न भिजता माणूस प्रार्थनेतून जेवणाकडे आणि जेवणातून झोपेकडे जाऊ शकतो. आधी जाड भिंती, गोल कमानी, खिडक्या बोटभर. पुढे टोकदार कमानी आल्या, छताला दगडी फासळ्या आल्या, तेव्हा भार खांबांवर गेला, भिंती हलक्या झाल्या आणि खिडक्या ऐसपैस.

दर शंभर-दीडशे वर्षांनी कोणी सुधारक उठून म्हणे, फार थाट झाला, नक्षी काढा, साधे राहा. मग त्या साधेपणाची इतकी कीर्ती होई की देणग्या येत आणि पुन्हा नक्षी चढे. हे ऐकताना मला आमच्या प्रोजेक्टची चाहूल लागायला हवी होती. अबू नासरना विचारलं, यातला कोणता काळ हवा? ते नम्रपणे म्हणाले, “सगळे.” त्यामुळे आमच्या मठात स्वागतकक्ष गोल कमानींचा, ओवरी टोकदार कमानींची. चर्चच्या जागी अर्थातच लग्न-पार्ट्यांचा हॉल. मध्येच खर्चाला कात्री लागली तेव्हा प्रोजेक्ट डायरेक्टर ग्रॅहम यांनी पूर्वेच्या अंगाची सगळी नक्षी एका दुपारी उडवली. फ्रान्झ यांनी आनंदाने तिला सुधारक पंथाची बाजू म्हणून मान्यता दिली. पुढच्या वर्षी पैसे आले आणि नक्षी परत आली. इतिहासाला इतकं धरून दुसरं काहीच झालं नाही.

भांडण झालं ते अंगणावरून. युरोपातल्या मठात अंगण शक्यतो चर्चच्या दक्षिणेला ठेवतात. उंच चर्च उत्तरेचा गार वारा अडवतं, अंगणात ऊन भरपूर येतं आणि गारठलेले संन्यासी ओवरीत बसून लिहू शकतात. आमच्या नकाशातही अंगण दक्षिणेलाच होतं. मी म्हटलं, ही माणसं उन्हासाठी एवढी धडपडत होती. आपल्याकडे उन्हाची टंचाई आहे का? नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा करू, अंगण उत्तरेला घेऊ, हॉलची सावली पडेल. युरोपातही जिथे पाण्याची सोय बघावी लागली तिथे अंगण उत्तरेला घेतलेलं आहे, हे मला फ्रान्झ यांनीच शिकवलं होतं. फ्रान्झ म्हणाले, “ते अपवाद. आपण आदर्श मठ बांधतोय.” ग्रॅहम म्हणाले, “वर्ल्ड कप हिवाळ्यात आहे. पाहुण्यांना ऊन आवडेल.”

“आणि उरलेले आठ महिने?” मी विचारलं.

“ते आपल्या स्कोपमध्ये नाहीत.”

मी हरले. अंगण दक्षिणेला राहिलं.

आमच्या मठात एक ऊबखोली होती. जुन्या मठांत शेकोटी सगळीकडे नसे. स्वयंपाकघर सोडलं तर बहुधा एकाच खोलीत विस्तव असायचा. थंडीत बोटं वाकेनाशी झाली की संन्याशांना तिथे येऊन थोडा वेळ शेकायची परवानगी होती. अबू नासर जिथे पाय पसरून बसले होते ती ही खोली. म्हणून आमच्या नकाशात ती सर्वांत लाडकी. दोन भिंतींना दोन, माणूस उभा राहील एवढ्या शेकोट्या, आणि त्यांत खरी लाकडं जळणार. दोह्यात.

एसीचं काम पुण्याच्या केळकरांकडे होतं. त्यांनी मला ड्रॉइंग दाखवलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. “देशपांडे मॅडम, बाहेर उन्हाळा, आत दोन होळ्या, आणि पाहुण्याला कम्फर्टेबल वाटलं पाहिजे. मी एसीचा इंजिनियर आहे की अग्निशमन दलाचा?” पण माणूस मानी. त्यांनी दोन्ही होळ्या विझतील एवढी थंडी त्या खोलीला दिली. यंत्रं यायला वेळ लागतो म्हणून ती आधीच मागवली, बसवलीही. त्यानंतर अग्निसुरक्षेचे लोक आले आणि त्यांनी उघड्या विस्तवाला साफ नकार दिला. त्यांचं अगदी बरोबर होतं. शेकोट्यांत ज्वाळांचं चित्र हलणारे पडदे बसवायचं ठरलं. होळ्या गेल्या, पण त्यांना विझवणारी थंडी तेवढी राहिली.

आता पवार मिस्त्री. ओवरीचं छत मात्र खऱ्या दगडाचं व्हावं, प्लास्टरचं सोंग नको, असा अबू नासर यांचा हट्ट होता, आणि ते करणारी टोळी ज्ञानू पवारांची होती. पवार कऱ्हाडकडचे, पन्नाशीचे, बुटके, मिशी कायम कातरलेली. दगडातला माणूस, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. “ताई, आख्ख्या दोह्यात कमानीवर चढायला दुसरा गडी न्हाय. इचारा कुणालाबी.” मी विचारलं नाही, कारण उत्तर द्यायला ते स्वतःच थांबायचे. कोणी त्यांच्या सेंट्रिंगला हात लावला की दोन दिवस रुसायचे, जेवणाचा डबा वेगळा घेऊन बसायचे. फ्रान्झ यांच्याशी त्यांचं हिंदी-इंग्रजी-खाणाखुणांत कडाक्याचं भांडण चालायचं. फ्रान्झ यांना सांधे जुन्यासारखे ओबडधोबड हवे होते आणि पवारांच्या हातून ओबडधोबड काही होत नव्हतं. “त्या सायबाला म्हणावं, वंगाळ काम पायजे आसंल तर दुसरा बघ.”

ओवरीचं छत खणाखणांत असतं. लाकडी आधारावर फासळ्या मांडायच्या, त्या माथ्यावर एकमेकींना भेटतात तिथे चावीचा दगड बसवायचा, मगच आधार काढायचा. चावीचा दगड बसेपर्यंत सगळा भार लाकडावर असतो, बसला की फासळ्या एकमेकींना धरून ठेवतात. शेवटचा, नैर्ऋत्येकडचा कोपऱ्याचा खण सर्वांत अवघड, कारण तिथे दोन ओवऱ्या काटकोनात मिळतात. पवारांनी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. “त्यो झाला की मी घरी जायला मोकळा,” असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत.

त्या उन्हाळ्यात, हवेत पाणी भरून राहतं त्या दिवसांत, पवार परांचीवर भोवंडले. खालच्या दोघांनी धरलं म्हणून निभावलं. साइटवरच्या नर्सने मीठसाखरेचं पाणी पाजलं, रक्तदाब मोजला आणि सरळ सांगितलं की पुन्हा असं झालं तर अनफिट लिहून घरी पाठवावं लागेल. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण पवारांचा चेहरा पाहवत नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंगल्यांना फरशा लावलेल्या माणसाला उतारवयात एकदाचं कमानींचं छत मिळालं होतं, आणि त्याचा शेवटचा खण दुसऱ्या कोणी मिटवला असता तर ते दुःख त्यांनी घरी नेलं असतं.

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम बंद, हा तिथला कायदा. साइटवर तो पाळला जाई. प्रश्न होता दुपारी टेकायचं कुठे. टोळीसाठी तंबू होता, तोही दक्षिणेच्या मोकळ्या मैदानात, आत एक कूलर. हवेतच पाणी असताना कूलर काय करणार? तो फक्त ओली गरम हवा अंगावर फेकायचा. माणसं पुठ्ठे टाकून पडत आणि उठताना पडण्याआधीपेक्षा दमलेली असत. मी तंबू हलवायला सांगितला, पंखे सांगितले. ग्रॅहम म्हणाले, नियमात सावली लिहिली आहे, सावली आहे. त्या वाक्याचा मला फार राग आला, अजूनही येतो.

आणि तिथून पन्नास पावलांवर ऊबखोली रिकामी थंडगार पडली होती.

एके दुपारी केळकर कॅबिनमध्ये वैतागून बसले होते. त्यांचं यंत्र चालेना. एवढं मोठं यंत्र रिकाम्या खोलीत चालवलं की क्षणात खोली गोठते आणि यंत्र आपोआप बंद पडतं. टेस्ट पास व्हायची तर खोलीत उष्णता हवी. यासाठी भाड्याने मोठे हीटर आणतात, ते खोलीत लावतात आणि एसीला त्यांच्याशी झुंजवतात. आमच्या धंद्यात याला हीट लोड म्हणतात. ते हीटर हमद पोर्टवर कंटेनरमध्ये अडकले होते.

“माणूस किती उष्णता देतो हो, केळकर?” मी विचारलं.

“नुसता बसलेला? जुन्या पिवळ्या बल्बएवढी. का?”

“आणि चाळीस माणसं?”

केळकरांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला, पण या वेळी डोळे पुसायला नाही. “मॅडम, उन्हात तापून आलेली असतील तर जास्तच देतील,” असं म्हणून ते कॅल्क्युलेटर शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी केळकरांच्या सहीने सूचना निघाली. पोर्टवरचा माल येईपर्यंत, टेस्ट अडू नये म्हणून, दुपारच्या वेळी ऊबखोलीत तात्पुरता उष्णताभार ठेवण्यात येईल. ग्रॅहमनी लगेच होकार दिला. टेस्टची तारीख पुढे जात नव्हती, एवढंच त्यांना दिसलं. चाळीस कामगारांना गार खोलीत बसू द्या म्हटलं असतं तर कमिटी नेमली असती. चाळीस बल्बांना कोणाची हरकत नव्हती.

पवारांना मी खरं काय ते सांगितलं. ते आधी रुसले. “म्हंजी आमी बिजलीच्या शेगड्या व्हय?” पण आत आले, आणि दारातच थबकले. दमट अंगाला ती हवा लागल्यावर मागच्यांनी पुढच्यांना आत ढकललं. मग कोणीतरी “यल्ला”, चला, म्हणून पुठ्ठा पसरला. नेपाळी, बिहारी, तेलुगू, आमचे कऱ्हाडचे, सगळे त्या नकली शेकोट्यांकडे पाय करून झोपले. केळकरांचं यंत्र पहिल्यांदा सुरळीत घुमू लागलं. ते कोपऱ्यात उभे राहून आकडे बघत होते आणि माणसं उठू लागली की कळवळून म्हणत, “अरे, अजून पाच मिनिटं पडा रे, रीडिंग चांगलं येतंय.”

फ्रान्झ एकदा डोकावले. मला वाटलं, आता शास्त्रशुद्धता निघणार. त्यांनी दारातूनच झोपलेली माणसं पाहिली. मग हळूच म्हणाले, “त्या काळी ऊबखोली अशीच दिसत असेल. थोडा वेळ मिळायचा, म्हणून सगळे दाटीवाटीने.” आणि आयुष्यात प्रथमच कोट काढून दाराबाहेरच्या पायरीवर बसले. पवारांनी त्यांना आपल्या डब्यातली चटणी दिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी ती संपवली.

पवारांना पुन्हा भोवळ आली नाही. नर्स रोज बघत होती. कोपऱ्याच्या खणाच्या फासळ्या चढू लागल्या, आणि नेमके तेव्हाच हीटर पोर्टवरून सुटून आले. ग्रॅहम खूश. “खरं लोड आलं. माणसं हलवा, उद्यापासून फर्निचर आत येतंय.” मी केळकरांकडे पाहिलं. केळकरांनी हीटरना प्लग जुळत नाही, मग प्रमाणपत्र जुनं आहे, मग रंग बरोबर वाटत नाही, असं करत जमेल तेवढं ओढलं. पुण्याच्या माणसाला हरकती सुचवाव्या लागत नाहीत.

शेवटी ग्रॅहम स्वतःच एका दुपारी खोली रिकामी करायला आले. आणि त्याच दुपारी, न सांगता, अबू नासर आले. मी ओवरीत होते. आम्ही तिघं दारात एकदम पोचलो. आत चाळीस माणसं झोपलेली, पवार मधोमध, तोंड उघडं, घोरत. ज्यावर मालकांनी बसायचं तो नवा कोच भिंतीला टेकवून त्याखाली एक जण आडवा.

“हे कोण?” अबू नासरांनी विचारलं.

ग्रॅहम यांनी माझ्याकडे बोट केलं. खरं सांगावं तर पवारांची टोळी त्याच क्षणी उन्हात जाणार, म्हणून मी कागदावर होतं तेच म्हणाले, “सर, हीट लोड.”

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी यंत्र, रिकामी खोली, पोर्ट, बल्ब असं सगळं सांगितलं. अबू नासरनी घोरणाऱ्या पवारांकडे पाहिलं. मालकांच्या मिशीत काहीतरी हललं, हसू असावं.

“मी त्या मठात बसलो होतो ना,” ते म्हणाले, “तेव्हा तिथेही एक म्हातारा माझ्याशेजारी असाच घोरत होता. मी त्याला ओळखत नव्हतो. पण त्याच्यामुळे बरं वाटत होतं.” मग ग्रॅहमकडे वळून, “खलास. काम संपेपर्यंत लोड बदलू नका. आणि या लोडला ताक पाजा.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी खोक्यांनी थंडगार लबन येऊ लागलं. टेस्टच्या साहित्यात ते कसं धरायचं यावर ग्रॅहम यांनी केळकरांना तीन ईमेल पाठवल्या.

कोपऱ्याचा खण पवारांनी एका सकाळी मिटवला. चावीचा दगड स्वतः उचलला, कोणाला हात लावू दिला नाही. आधार काढताना सगळी साइट जमली होती. लाकूड सुटलं, दगडाची थोडी धूळ पडली आणि छत जागच्या जागी राहिलं. फ्रान्झ यांनी सांध्यांवरून बोट फिरवलं आणि फार नीट झालंय अशी तक्रार केली. पवार पहिल्यांदाच भांडले नाहीत. खाली उतरून मला म्हणाले, “ताई, ओवरी झाली. आता त्या गार खोलीत आमाला कोन येऊ देतंय?” मी म्हटलं, उद्घाटनाला या, मी नेईन तुम्हाला. मला तेव्हा ते खरंच शक्य वाटत होतं. पण काम संपलं की टोळी संपते. उद्घाटनाच्या आधीच त्यांच्या सगळ्यांचे परतीचे विमानप्रवास झालेले होते. त्याचं वाईट वाटतं, आणि ते वाटणं इतक्या वर्षांत कमी झालेलं नाही.

उद्घाटन झालं, पाहुणे आले, फुटबॉल झालं. दक्षिणेचं अंगण तो एक महिना खरंच सुरेख होतं. मग ऊन तापू लागलं आणि त्यावर एवढ्या छत्र्या उभ्या राहिल्या की पवारांचं छत अंगणातून दिसेनासं झालं. त्या सुमारास मी बस्तान गुंडाळत होते. अल खोरच्या घरात मी भांडी पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरत असताना ग्रॅहम यांचा फोन आला.

“ऊबखोलीची तक्रार आहे. पाहुणे पाच मिनिटांत उठून जातात. आम्ही शाली ठेवल्या, तरी थांबत नाहीत. खोली गोठते, मग यंत्र बंद पडतं. टेस्टमध्ये तर उत्तम चाललं होतं. तेव्हा असं काय वेगळं होतं?”

“लोड होतं,” मी म्हटलं.

“बरोबर! ते परत बसवता येईल का? कुठे आहे ते सध्या?”

“कऱ्हाडला,” मी म्हटलं आणि खोक्याला चिकटपट्टी लावली.